गोदाकाठची कॅम्पर सफर : पैठण ते बाभळी, पाण्याचं वेळापत्रक बघून

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठवाड्यात ‘कॅम्पर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बोलेरो कॅम्पर, पुढे पाच माणसं आणि मागे हौदा. या लेखात कॅम्पर म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेली कोणतीही गाडी. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली चालेल, भाड्याने आणलेली कॅराव्हॅन चालेल, आणि हौद्यावर पक्कं छप्पर, आत फळ्यांची बैठक, गादी असलेली आपली नेहमीची कॅम्परही चालेल. गोदाकाठच्या रस्त्यांसाठी खरं तर हीच शेवटची सगळ्यात बरी. तिची चाकं मोठी असतात, पोट उंच असतं आणि तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजात तिचा माणूस मिळतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. कोकणात खाडीकाठाने गाडी घेऊन जाणारा माणूस तिथी बघतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, आणि भरती दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी. गोदावरीला मराठवाड्यात समुद्राची भरती नाही, पण पाणी चढतं-उतरतं ते इथेही. फरक एवढाच की ही भरती-ओहोटी चंद्राच्या नव्हे, दरवाज्यांच्या हातात आहे. पैठणला नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाचे, दरवाजे आणि खाली धर्माबादजवळच्या बाभळीपर्यंत एकामागून एक बंधारे. कुठल्या तारखेला कुठला दरवाजा वर आहे यावर तुम्हाला काठोकाठ नदी दिसणार की वाळूचं पात्र, हे ठरतं. गाडी कुठे लावायची आणि कुठे मुळीच लावायची नाही, हेही त्यावरच ठरतं.

कधी निघायचं

नोव्हेंबरचा पहिला आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. याआधी जाऊ नका, नंतर जाण्यात फारशी मजा नाही.

याचं कारण बाभळीपासून उलटं मोजत आलं की कळतं. बाभळी बंधाऱ्याला १४ दरवाजे आहेत आणि साठा २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट). सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर हे दरवाजे वर ठेवावे लागतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी तेलंगणासाठी खाली सोडावं लागतं. म्हणजे दिवाळीच्या आसपास दरवाजे खाली आले की पाणी अडायला सुरुवात होते आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत तिथे भरलेली नदी दिसण्याची आशा धरता येते. वरच्या बंधाऱ्यांना अशी न्यायालयाची तारीख नाही, पण रीत तीच. पावसाळ्यात पूर जाऊ द्यायचा, पाऊस ओसरला की दरवाजे टाकायचे. पुढे गहू-हरभऱ्याला, उसाला पाणी उपसलं जातं आणि मार्चनंतर पातळी भराभर खाली जाते. एप्रिल-मेमध्ये अनेक ठिकाणी पात्र कोरडं असतं आणि नांदेड-परभणीचा पारा चाळिशीच्या पार. त्या उन्हात पत्र्याच्या गाडीत झोपणं म्हणजे तंदुरीत झोपणं.

थंडीला मात्र कमी लेखू नका. मराठवाड्यात गारठा नसतो असं मानणाऱ्याने परभणीची डिसेंबरअखेरची पहाट पाहावी, पारा एका आकड्यात येतो. दोन जाड रजया आणि कानटोपी ठेवाच.

डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यात येते, हा वरचा फायदा. तोटाही याच महिन्यांत आहे. उसाचा गळीत हंगाम जोरात असतो आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. त्यांच्याबद्दल पुढे.

निघण्याआधी तीन आकडे बघा

पहिला आकडा नाथसागराचा. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन. धरणाची भिंत जवळपास दहा किलोमीटर, दरवाजे २७, एकूण साठा १०२ टीएमसी, त्यात मृतसाठाच २६ टीएमसी. भरलेल्या धरणाची पातळी १५२२ फूट. स्थानिक बातम्यांत रोज पातळी आणि जिवंत साठ्याची टक्केवारी येते. ऑक्टोबरअखेर धरण नव्वद टक्क्यांच्या पुढे असेल तर सफर झकास होईल. पन्नासच्या खाली असेल तर खालच्या बंधाऱ्यांत काय उरलंय ते विचारूनच बेत आखा.

दुसरा आकडा विसर्गाचा, क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे दहा हजार क्युसेकला सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी. नाथसागरातून ऑगस्ट २००६ मध्ये सुमारे अडीच लाख क्युसेक सुटलं होतं आणि निम्मं पैठण पाण्यात गेलं होतं. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीसही गोदाकाठाने पूर पाहिला. नोव्हेंबरनंतर असं सहसा होत नाही, पण परतीचा पाऊस लांबला आणि विसर्ग चालू आहे अशी बातमी असली तर आठवडाभर थांबा. वर सोडलेलं पाणी परभणी-नांदेडपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्यामुळे डोक्यावर निरभ्र आभाळ आणि समोर चढतं पाणी, असं चित्र इथे दिसू शकतं. आभाळावर विसंबू नका.

तिसरा आकडा तुमच्या गाडीचा. आरसी बुकात भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. त्यांतला फरक म्हणजे तुम्ही किती लादू शकता ते. छप्पर, फळ्या, बॅटरी, सिलिंडर, माणसं, पाणी या सगळ्यांची बेरीज या फरकाच्या ऐंशी टक्क्यांत बसवा. जड सामान मागच्या आसाच्या पुढे आणि तळाशी ठेवा. पाण्याची टाकी अगदी शेपटाला बांधली की पुढची चाकं हलकी होतात आणि खड्ड्यातून उतरताना स्टिअरिंग पोहतं. गाडीत कायमचा बदल करून घेतला असेल तर आरटीओकडून आरसीवर त्याची नोंद करून घ्या, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी तेच कारण पुढे करते.

पाणी, वीज, गॅस

माणशी रोज पिण्याला ४ लिटर, स्वयंपाक-भांड्यांना ६ ते ८, आणि बादलीभर अंघोळ करायची तर वर १५. चौघांना दोन दिवस अंघोळीशिवाय ८० ते ९६ लिटर. एवढी मोठी टाकी बसवण्यापेक्षा वीस लिटरचे जार सोयीचे. गोदाकाठच्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आरओ प्लांट आहे, रिकामा जार द्यायचा आणि भरलेला घ्यायचा. जार उभे ठेवून पट्ट्याने आवळा. आडवा जार झाकणातून पाझरतो आणि गादी सकाळी ओली निघते. नदीचं पाणी भांडी धुवायलाही नको, वरच्या गावांचं सांडपाणी त्यातच येतं.

विजेचा हिशेब कागदावर करा. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ५० वॉटचा धरला आणि थंडीत तो दिवसाकाठी दहा तास चालला तर ५०० वॉट-तास. पंखा १२०, दिवे ५०, मोबाइल ८०. बेरीज साडेसातशे. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपियर-तासांची) बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची, पण शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त काढलं की ती वर्ष-दीड वर्षात बसते. म्हणजे हाताशी ९००. एका दिवसाला पुरतं, दोन दिवसांना नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची बॅटरी हजाराच्या वर देते आणि वजन एक तृतीयांशही नसतं. छपरावर २०० वॉटचं पॅनेल थंडीतल्या उन्हात दिवसाला साडेसहाशेच्या आसपास देतं, बाकीचं गाडीच्या अल्टरनेटरवरून.

इथेच बहुतेकांचं चुकतं. दुसरी बॅटरी साध्या रिलेने पहिलीला जोडली जाते आणि मग ‘चार्जच होत नाही’ अशी तक्रार सुरू होते. बीएस-सहा गाड्यांचा अल्टरनेटर डिझेल वाचवण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, त्यामुळे दुसरी बॅटरी अर्धवटच भरते. मध्ये डीसी-डीसी चार्जर लावला की हा प्रश्न सुटतो. वीस अँपियरचा चार्जर दोन तासांच्या प्रवासात ४० एएच भरतो. दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाशी, वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. लांबवर लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही, आणि पत्र्याला घासून सोललेली वायर हे गाडी पेटण्याचं नेहमीचं कारण आहे. शिशाची बॅटरी झोपायच्या जागेत बंद पेटीत ठेवू नका, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर. शेगडीचा एक बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम जाळतो, म्हणजे तीसेक तास. पाच दिवसांना भरपूर झाला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर वर न जाता तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी भोकं हवीत, फक्त वरची खिडकी उघडून उपयोग नाही. रबरी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षांच्या पुढची नळी बदला. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन झोपणं तर कधीच नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

काळी माती

या सफरीत गाडी अडकणार असेल तर डोंगरात नाही, सपाट शेतरस्त्यावर अडकेल. गोदाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते. वरून सुकलेली, भेगाळलेली दिसते आणि चार बोटं खाली लोणी असतं. चाक फिरलं की माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, मग कितीही रेस करा, चाक फक्त खड्डा खणतं.

म्हणून डांबरी सोडण्याआधी उतरा. रस्त्याची नव्हे, रस्त्याकडेची मूठभर माती चार बोटं खणून घ्या आणि लाडू वळा. लाडू चकाकला, बोटांना चिकटला, तर मागे फिरा. लाडू झाला पण कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, गाडी जाईल. शेतकरी पेरणीआधी हेच करतो. त्याहून सोपं म्हणजे धुऱ्यावरच्या माणसाला विचारायचं, “मामा, खाली गाडी फसंल का?” “वापसा न्हाई आजून, फसती,” असं उत्तर आलं की वाद घालायचा नाही. आणि शेजारच्या उसाला काल पाणी दिलंय का, हेही विचारा. पाऊस नसताना गाड्या फसतात त्या पाटाच्या पाण्याने.

फसलीच तर पहिली गोष्ट, एक्सलेटरवरून पाय काढा. चाक अर्धं बुडेपर्यंत परिस्थिती हातात असते, पोट टेकलं की ट्रॅक्टर लागतो. माणसं आणि पाण्याचे जार उतरवा. चाकांच्या पुढची आणि मागची माती फावड्याने उतार काढून हटवा. टायरमधली हवा एक तृतीयांश कमी करा, त्यामुळे टायर पसरतो. मग चाकाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कापसाची, तुरीची वाळलेली झाडं) आडव्या घाला, जाड, हातभर लांबीच्या. पोती असली तर त्यांवर. उसाचं पाचट घालू नका, ते ओल्यावर साबणासारखं घसरतं. रिव्हर्स गिअरमध्ये, क्लच हळू सोडत, आलात त्याच वाटेने मागे निघा. पुढे जायचा हट्ट नको, मागची जमीन तुम्हाला माहीत आहे, पुढची नाही. निघाल्यावर हवा परत भरेपर्यंत वेग वीसच्या आत, म्हणून बारा व्होल्टचा हवेचा पंप गाडीत हवाच.

ट्रॅक्टर बोलवायची वेळ आली तर दोर गाडीच्या हुकाला किंवा चेसीला, बंपरला नाही. ताणलेल्या दोरावर मधोमध ओली गोधडी टाका. दोर तुटला तर तो चाबकासारखा येतो, गोधडी त्याला खाली पाडते. आणि बघ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभं करा. हे काम अवघड आहे, पण तेवढंच महत्त्वाचं.

वेड्या बाभळीचा काटा

नदीकाठाला वेडी बाभूळ माजलेली आहे आणि तिचा काटा टायरातून आरपार जातो. काटा दिसला की उपटायचा मोह होतो. उपटू नका. काटाच भोक बुजवून बसलेला असतो, हवा तासाभरात हळूहळू जाते. आधी सामान मांडा: कानस-सळई, पट्टी, चिकटद्रव, पक्कड, पंप. काट्याभोवती खडूने गोल करा. मग काटा पक्कडीने सरळ ओढा, वाकडा ओढला तर टोक आत मोडतं. सळई भोकात पाच-सहा वेळा फिरवा, पट्टीला चिकटद्रव लावून दोन तृतीयांश आत दाबा, झटक्यात सळई काढा, बाहेर उरलेली पट्टी तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरून साबणाचं पाणी लावा. पण लगेच निघू नका, चाक पूर्ण फिरवून सगळीकडे साबण लावा. या झाडाचा काटा एकटा येत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला असेल तर पट्टी चालत नाही, स्टेपनी लावा. पट्ट्या दहा तरी ठेवा, दोनचं पाकीट पहिल्याच दिवशी संपू शकतं.

रस्ता

नदीला लागून सलग रस्ता नाही, हे मनाशी पक्कं करा. महामार्गाने पुढे जायचं, फाट्यावरून आत वळून नदी गाठायची, परत यायचं. विणकराच्या धोट्यासारखी ये-जा. सगळे फाटे धरून पैठण ते धर्माबाद साडेचारशे ते पाचशे किलोमीटर होतात. पाच दिवस ठेवा, चार रात्री.

पहिला दिवस पैठण. छत्रपती संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर. नाथांची समाधी, नागघाट, पैठणीचे माग आणि संध्याकाळी नाथसागराचा काठ. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. थंडीत रोहित, चक्रवाक, पट्टकदंब येतात. अभयारण्याच्या हद्दीत गाडीत मुक्काम करायचा नाही, चूल नाही, ड्रोन नाही. मुक्काम गावात करा आणि उजाडायच्या आत काठावर जा, ऊन चढलं की पक्षी आत सरकतात. धरणाच्या भिंतीवर विनापरवाना जाता येत नाही. फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास नाथषष्ठीची यात्रा असते, तेव्हा कॅम्पर घेऊन गावात शिरणं हा वेडेपणा, तेव्हा चालतच जावं.

दुसऱ्या दिवशी आपेगाव, ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं गाव, पैठणच्या खालीच. तिथे आणि पुढे हिरडपुरीला बंधारे आहेत. इथेच एक नियम शिकून घ्या, पुढे प्रत्येक बंधाऱ्यावर उपयोगी पडेल: बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी, खालच्या अंगाला खडक आणि वाळू. देखावा हवा तर वरच्या अंगाचा फाटा पकडा, बंधाऱ्यापासून पाच-सात किलोमीटर वर. बंधाऱ्याच्या अगदी तोंडाशी काँक्रीटच दिसतं.

मग पाचोडवरून धुळे-सोलापूर महामार्गाने शहागड. पूल ओलांडला की बीड जिल्हा. गेवराई तालुक्यात नदीकाठी राक्षसभुवन, शनीचं जुनं ठाणं. १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला इथेच हरवलं. लढाई भर पावसाळ्यातली होती. वाळूच्या पात्राकडे बघत उभं राहिलं तर ऑगस्टमधल्या गोदावरीच्या काठी फौजा कशा झुंजल्या असतील, हा विचार आल्याशिवाय राहत नाही. जवळच पांचाळेश्वर, महानुभावांचं आत्मतीर्थ. शनिअमावास्येला हा रस्ता टाळा. मुक्काम गेवराई किंवा माजलगावच्या बाजूला.

तिसरा दिवस सगळ्यात सुंदर, पण रस्ता सगळ्यात वाईट. माजलगावहून पाथरीकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ६१ ढालेगावजवळ नदी ओलांडतो. पुलावर थांबू नका, पलीकडे उतरून बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जा. माजलगाव तालुक्यातच मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. पुढे मुदगल, तिथे मुद्गलेश्वराचं देऊळ नदीच्या पात्रातच उभं आहे आणि पुरात पाण्याखाली जातं. सोनपेठमार्गे गंगाखेडला या. जनाबाईंचं गाव, घाट मोठा, संध्याकाळी बसायला चांगला.

सोनपेठ-गंगाखेड पट्ट्यात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, ऊस रस्त्याच्या मधोमध लोंबत असतो, आणि समोरून येणाऱ्याच्या हेडलाइटमध्ये ती ट्रॉली दिसतच नाही. पाच वाजताच मुक्कामाची जागा धरा.

चौथ्या दिवशी पालम तालुक्यात जांभूळबेट, नदीच्या पात्रातलं बेट. पलीकडे होडीने जावं लागतं. भोई समाजाच्या माणसाला पाणी किती, होडी जाते का, हे विचारून ठरवा, लाइफ जॅकेट स्वतःचं न्या. मग लोह्यावरून नांदेड. शहराच्या अलीकडे विष्णुपुरीचा जलाशय आणि काठावर काळेश्वर मंदिर, सूर्यास्ताला उत्तम. नांदेडमध्ये गाडी शहराबाहेर मोठ्या पार्किंगमध्ये लावून रिक्षाने सचखंड गुरुद्वाऱ्यात जा. गुरू गोविंदसिंगांचं निर्वाण १७०८ ला इथेच झालं, आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळातली, १८३२ ते १८३७ मध्ये बांधलेली. डोकं झाकलेलं हवं, खिशात तंबाखूची पुडी नको. लंगरमध्ये जेवा, चार दिवसांच्या स्वतःच्या खिचडीवर तो उतारा आहे.

पाचव्या दिवशी धर्माबाद आणि बाभळी. धर्माबादची लाल मिरची प्रसिद्ध आहे, घ्यायची तर बंद डब्यात, नाहीतर रात्रभर गाडीत ठसका. बाभळीला वरच्या अंगाचं पाणी बघून परत फिरा. ज्यांच्याकडे सहावा दिवस आहे त्यांनी तेलंगणात बासरच्या सरस्वतीपर्यंत जावं, जवळच आहे.

नकाशाच्या ॲपवर काठाकाठाने जाणारी बारीक रेघ दिसली तर भुलू नका. तो बहुतेक वेळा कालव्याचा सेवारस्ता असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार आणि गाडी वळवायला जागा नाही. काही बंधाऱ्यांवरून मोठी गाडी जात नाही. छप्पर उंच असेल तर शेतावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारा बघा. गाडीची उंची मीटरमध्ये डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा, तारेजवळ अंदाज चालत नाही.

रात्री गाडी कुठे लावायची

पात्रात नाही. वाळू पांढरीशुभ्र असो, कोरडी असो, चांदणं असो, तरी नाही. उन्हाळ्यात खालच्या गावांना प्यायला म्हणून वरून पाणी सोडतात, तेव्हा कोरडं पात्र रात्रीत भरतं. भोंगा वाजतो, दवंडी होते, पण ती गावासाठी, वाळूत झोपलेल्या पाहुण्यासाठी नाही. काठावर मागच्या पुराची खूण शोधा. बाभळीच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या, पाचट, प्लास्टिक ज्या उंचीवर दिसतं, त्याच्या वर गाडी लावायची.

पोहायलाही पात्रात उतरू नका. वाळूउपशाने पाण्याखाली दोन-दोन पुरुष खोल खड्डे झालेले आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खड्ड्यात पडतं, दर उन्हाळ्यात पोरं बुडतात ती यानेच. शिवाय रात्री वाळूचे हायवा, म्हणजे मोठे डंपर, ज्या वाटेने येतात त्या वाटेवर दिवे घालवून उभ्या असलेल्या गाडीची त्यांना कल्पना नसते. चाकांचे ताजे, खोल चर दिसले की तिथे मुक्काम नको.

मग जागा कोणती? गावातल्या मंदिराचं पटांगण, शाळेजवळचं मैदान, महामार्गावरचा मोठा पेट्रोल पंप किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा. गावात शिरताना आधी पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटा. “राम राम काका, नदी बघत चाललोय, घरची माणसं संगं हायेत, एक रात्र गाडी लावू का?” एवढं बोललं की जागा मिळते, बहुतेकदा चहाही. न विचारता काठावर लावलेली अनोळखी गाडी म्हणजे वाळूवाल्यांची नाहीतर चोरांची, असाच गावाचा समज होणार, आणि मध्यरात्री पंचवीस माणसं टॉर्च घेऊन येणार. चूक त्यांची नाही.

लावताना तोंड रस्त्याकडे ठेवा, म्हणजे निघायची वेळ आली तर मागे-पुढे करावं लागत नाही. उशाची बाजू किंचित वर. वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका, सायलेन्सर तापलेला असतो. काचा बोटभर उघड्या आणि त्यांना मच्छरजाळी, नाहीतर सकाळी पत्र्यातून दव ठिबकतं. अंधारात खाली उतरताना बूट आणि टॉर्च हवा. नदीकाठच्या उसात घोणस असते. चावल्यास कापाकापी, बांधाबांधी न करता १०८ ला फोन, आणि रुग्ण हलू न देता जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय.

शौचाची सोय पेट्रोल पंपावर किंवा गावातल्या सार्वजनिक शौचालयात. पर्याय नसेल तर पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर वीतभर खड्डा, वर माती. केमिकल टॉयलेटची टाकी नदीत किंवा ओढ्यात रिकामी करू नका, खालच्या गावाचा नळ त्याच पाण्यावर आहे.

परत आल्यावर दोन कामं लगेच करा. एअर फिल्टर काढून झटका, उसाच्या हंगामातली धूळ पाच दिवसांत तो बंद करते आणि गाडी डिझेल पिते. आणि चाकांच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या पाइपांभोवती चिकटलेली काळी माती पाण्याने मऊ करून धुवा. वाळली की ती दगड होते, आणि मग मिस्त्री छिन्नी घेऊन बसतो.